जास्त किलोमीटर, कमी तास

दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला जाणारं एअर इंडियाचं विमान आधी युरोप आणि अटलांटिकवरून जायचं. सुमारे १३,९०० किलोमीटर, साधारण साडेसोळा तास. ऑक्टोबर २०१६ मध्ये कंपनीने दिशाच बदलली आणि विमान पूर्वेकडे, पॅसिफिकवरून न्यायला सुरुवात केली. अंतर वाढून १५,३०० किलोमीटर झालं, पण प्रवास जवळपास दोन तासांनी कमी झाला. अंतर जास्त म्हणजे वेळ जास्त, हा समज इथेच मोडतो.

ही किमया वाऱ्याची. साधारण नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट प्रवाह वाहतात. हिवाळ्यात त्यांना जोर चढतो. फेब्रुवारी २०२० मध्ये ब्रिटिश एअरवेजचं जंबो जेट न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचलं. जमिनीच्या हिशेबाने त्याचा वेग ताशी १,३०० किलोमीटरच्या वर गेला होता. म्हणून त्याने ध्वनीचा वेग ओलांडला असं मात्र नाही. तो हिशेब भोवतालच्या हवेच्या तुलनेत करायचा असतो, आणि हवाच त्याला पुढे नेत होती.

या विषयावर गप्पा रंगल्या की कोणीतरी हमखास सांगतं : पृथ्वी पूर्वेकडे फिरते, म्हणून पश्चिमेकडे निघालेल्या विमानाकडे मुक्कामाचं गाव स्वतःच चालत येतं. तसं असतं तर मुंबईहून लंडन लवकर आलं असतं. प्रत्यक्षात जातानाच येण्यापेक्षा साधारण तासभर जास्त लागतो. पृथ्वीबरोबर तिची हवाही फिरते, त्यामुळे असा फुकटचा फायदा मिळत नाही. गंमत म्हणजे जेट प्रवाहांना पूर्वेकडे वळवण्यात पृथ्वीच्या फिरण्याचा वाटा आहेच, पण त्याचा लाभ पूर्वेकडे जाणाऱ्याला होतो.

तिकिटावरच्या वेळा वजा करून प्रवास मोजणारेही बरेच. दोन्ही वेळा त्या त्या गावच्या असतात. हिवाळ्यात मुंबईहून दुपारी एकला निघून लंडनला संध्याकाळी सहाला उतरलात, तर पाच नव्हे, साडेदहा तास झाले. त्यात धावपट्टीपर्यंतची रखडपट्टीही आली.

आता नकाशा. भिंतीवरच्या नकाशात मुंबई ते न्यूयॉर्क पट्टी ठेवली, तर रेघ अरबस्तान, उत्तर आफ्रिका, अटलांटिक अशी जाते. पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणून पाहा. तो मध्य आशिया आणि रशियावरून आइसलँडच्या जवळून जातो. हेच सर्वांत कमी अंतर, सुमारे साडेबारा हजार किलोमीटर. विमान उत्तरेला वळतं ते वाट चुकून नव्हे.

अर्थात विमान या दोऱ्यावरून तंतोतंत कधीच जात नाही. वारे, वादळं, युद्धं आडवी येतात. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपलं आकाश बंद केलं, तेव्हा दिल्लीहून पश्चिमेला जाणाऱ्यांना आधी दक्षिणेला गुजरातकडे उतरून अरबी समुद्र गाठावा लागला. मुंबईकरांना हा वळसा कमी पडला. त्यांचा विमानतळ मुळात समुद्राकाठीच आहे.