विश्लेषण : मेंदूतील रक्तवाहिन्यांचा दोष वारशाने येतो का?

डोकेदुखी किंवा फिटसाठी एमआरआय केला आणि अहवालात ‘कॅव्हर्नोमा’ असा शब्द आला, की रुग्णाला आधी स्वतःची काळजी वाटते, मग मुलांची. हा दोष त्यांच्यातही उतरेल का? याचे उत्तर बऱ्याच अंशी जनुकांत सापडते.

कॅव्हर्नोमा म्हणजे काय?

मेंदूतील अतिसूक्ष्म रक्तवाहिन्या फुगून त्यांचा तुतीच्या फळासारखा गुच्छ तयार होतो. भिंती कमकुवत असल्याने त्यातून रक्त झिरपू शकते. दर २०० व्यक्तींमागे साधारण एकीत असा गुच्छ असतो. अनेकांना तो आयुष्यभर जाणवत नाही. काहींना मात्र फिट येतात, हातापायातील शक्ती जाते किंवा मेंदूत रक्तस्राव होतो.

आनुवंशिकता किती?

बहुतेक रुग्णांत एकच गुच्छ असतो आणि दोष वारशाने आलेला नसतो. साधारण पाचपैकी एका रुग्णात मात्र तो घराण्यातून येतो. केआरआयटी-१, सीसीएम-२ आणि पीडीसीडी-१० या तीनपैकी एका जनुकात बिघाड असतो. आई किंवा वडिलांकडे सदोष प्रत असेल, तर प्रत्येक अपत्याला, मुलगा असो वा मुलगी, ती मिळण्याची शक्यता ५० टक्के असते. रक्तवाहिनीच्या एखाद्या पेशीत दुसरी, चांगली प्रतही बिघडली की गुच्छ तयार होतो. त्यामुळे अशा रुग्णांत वयानुसार नवे गुच्छ वाढत जातात.

न्यू मेक्सिकोत काय आढळले?

अमेरिकेतील या राज्यात स्पॅनिश वंशाच्या अनेक कुटुंबांत केआरआयटी-१ मधील हुबेहूब एकच बदल आढळतो. सुमारे ४०० वर्षांपूर्वी तेथे स्थायिक झालेल्या एखाद्या पूर्वजाकडून तो आला असावा, असे मानले जाते.

चाचणी कोणी करावी?

एकाहून अधिक गुच्छ असतील किंवा जवळच्या नातेवाइकांना फिट अथवा मेंदूतील रक्तस्रावाचा त्रास असेल, तर डॉक्टरांशी जनुकीय चाचणीबाबत बोलावे. आधी रुग्णाची चाचणी होते. त्यात बदल सापडला, तर नातेवाइकांत तेवढाच शोधला जातो. सीटी स्कॅनमध्ये लहान गुच्छ निसटतात, त्यामुळे एमआरआयच लागतो.

सदोष प्रत दुरुस्त करणारे औषध अद्याप नाही. फिटवर औषधे आहेत आणि वारंवार रक्तस्राव करणारा गुच्छ शक्य तेथे शस्त्रक्रियेने काढता येतो. कुटुंबात असा इतिहास असताना अचानक तीव्र डोकेदुखी, फिट किंवा बोलण्यात अडखळणे सुरू झाले, तर वाट न पाहता रुग्णालय गाठावे आणि तो इतिहास डॉक्टरांना आधी सांगावा.