घरच्या शुश्रूषेचा खर्च आणि आयकर

साताऱ्या-सांगलीकडे कुणाच्या घरी वडीलधारे माणूस अर्धांगाने पडले, की भेटायला येणारा आधी विचारतो, 'मेडिक्लेम आहे ना?' आहे म्हटले, की सर्वांना हायसे वाटते. मिरजेतल्या दवाखान्याचे बिल विमा कंपनी बरेचसे देतेही. पण पंधरा दिवसांनी माणूस घरी येते आणि खरा खर्च तिथून सुरू होतो. दिवसरात्र सांभाळायला मावशी किंवा मामा, हवेची गादी, डायपर, व्यायाम करून घेणारा फिजिओथेरपिस्ट. हे वर्षानुवर्षे चालते, आणि यातले जवळजवळ काहीच मेडिक्लेममध्ये बसत नाही.

अशा दीर्घकाळच्या सांभाळणुकीसाठी जर्मनीने १९९५ मध्ये आणि जपानने २००० मध्ये सक्तीचा विमा सुरू केला. अमेरिकेत अशा विम्याचा हप्ता वयानुसार ठरलेल्या मर्यादेपर्यंत वैद्यकीय खर्चात धरता येतो. आपल्याकडे हा विमा रुजलेला नाही आणि आयकरात त्याच्यासाठी वेगळे कलमही नाही. जे आहे ते साध्या आरोग्य विम्यासाठी, म्हणजे सर्वांच्या ओळखीचे ८० डी. २०२५ च्या नव्या आयकर कायद्यात त्याचा क्रमांक १२६ झाला. स्वतःच्या कुटुंबासाठी २५ हजार आणि साठी ओलांडलेल्या आईवडिलांसाठी वेगळे ५० हजार, इतकी वजावट मिळते. आईवडील तुमच्यावर अवलंबून नसले तरी चालते. लग्न झालेली मुलगी आपल्या आईवडिलांचा हप्ता भरून वजावट घेऊ शकते; जावयाला मात्र सासूसासऱ्यांसाठी ती नाही! ज्येष्ठांचा विमाच नसेल, तर त्यांच्या औषधोपचाराचा खर्च ५० हजारांच्या त्याच मर्यादेत धरता येतो. पैसे रोखीने दिलेले असतील तर उपयोग नाही.

पण मावशीच्या पगाराचे काय? त्यासाठी ज्या कलमाकडे बहुतेकांचे लक्षच जात नाही, ते ८० डीडी, म्हणजे आताचे १२७, पाहावे लागते. अवलंबून असलेल्या दिव्यांग नातेवाइकाच्या उपचारांच्या खर्चासाठी ते आहे, आणि उपचारांत शुश्रूषा धरावी असे कायद्यानेच म्हटले आहे. नातेवाईक म्हणजे पती-पत्नी, मुले, आईवडील, भाऊ-बहीण. दिव्यांगत्व ४० टक्के असेल तर ७५ हजार, ८० टक्के किंवा अधिक असेल तर सव्वा लाख रुपये उत्पन्नातून वजा होतात. खर्च झालेला असला पाहिजे; पण तो या रकमेपेक्षा कमी-जास्त झाला तरी वजावट तेवढीच. मावशीला महिना १५ हजार देत असाल, तर वर्षाचे १ लाख ८० हजार होतात. सव्वा लाखाच्या वजावटीने २० टक्क्यांच्या टप्प्यात २६ हजार, ३० टक्क्यांच्या टप्प्यात ३९ हजार कर वाचतो. दोन-अडीच महिन्यांचा पगार निघाला म्हणायचा.

अडते ते प्रमाणपत्रापाशी. 'आमचे अण्णा आजारी आहेत, अपंग कुठे आहेत?' असे मी अनेकदा ऐकले आहे. त्यात थोडा मानापमान असतो, आणि अंथरुणातल्या माणसाला स्ट्रेचरवरून सिव्हिलला न्यायचे जिवावरही येते. पण अर्धांगाने कायमचे लुळे झालेले हातपाय हे कायद्याच्या दृष्टीने दिव्यांगत्वच आहे. प्रकृती स्थिरावली, की स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करावा.

अण्णा निवृत्त शिक्षक असतील, पेन्शनवर स्वतःचे भागवत असतील, तर ते मुलावर अवलंबून ठरणार नाहीत. मग तेवढीच वजावट त्यांनी स्वतःच्या विवरणपत्रात ८० यू, म्हणजे नव्या १५४ कलमाखाली मागावी. दोघांनी मिळून दोनदा मागता येत नाही.

आता मोठी अट. या सगळ्या वजावटी फक्त जुन्या करपद्धतीत मिळतात. नव्या पद्धतीत मिळत नाहीत. पण तिथे साधारण १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर करच लागत नाही, त्यामुळे बहुतेक पेन्शनरांना हा विचार करावाच लागणार नाही. त्याहून जास्त मिळकत असणाऱ्याने दोन्ही हिशेब मांडून पाहावेत. आणि तासगावचा द्राक्षबागायतदार किंवा कराडचा ऊसवाला? शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, म्हणून त्याला या सवलतीही नाहीत. मावशीचा पगार मात्र त्यालाही तेवढाच द्यावा लागतो. ही सवलत करदात्याची आहे, रुग्णाची नाही, हा मला तिच्यातला मोठा दोष वाटतो.

प्रमाणपत्र तात्पुरते असेल, तर त्यावर मुदतीची तारीख असते. ती ज्या आर्थिक वर्षात संपते, त्यापुढच्या वर्षासाठी नवे प्रमाणपत्र लागते.