मज्जारज्जूचा ‘लातूर पॅटर्न’

लातूर म्हटलं की दोन गोष्टी आठवतात. एक, एकेकाळी बोर्डाची मेरिट लिस्ट गाजवणारा ‘लातूर पॅटर्न’. आणि दुसरी, ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. गणपती विसर्जनानंतर दमून झोपलेली किल्लारी आणि औसा-उमरगा भागातली गावं ३ वाजून ५६ मिनिटांनी हादरली. दगड-मातीच्या जड भिंती आणि माळवदं अंगावर कोसळून जवळपास दहा हजार माणसं गेली. वाचलेल्यांपैकी काहींचे कणे मोडले, ते कायमचेच. अशा पेशंटच्या घरच्यांना तेव्हा जगभर एकच उत्तर मिळायचं : आता व्हीलचेअर!

आजही हायवेवर बाईक घसरते, कोणी गच्चीवरून पडतं आणि घरचे विचारतात, ‘डॉक्टर, चालता येईल ना?’ फरक इतकाच, की आता उत्तर एका शब्दात संपत नाही. आणि त्या उत्तरात चक्क लातूर पॅटर्न दडलाय.

लो व्होल्टेजचा प्रॉब्लेम

मज्जारज्जू म्हणजे मेंदू आणि हातापायांमधली मेन लाइन. अपघातात ती बहुतेक वेळा पूर्ण तुटत नाही, चेंगरते. काही तंतू शाबूत राहतात, पण त्यांतून येणारा संदेश फारच क्षीण असतो. व्होल्टेज कमी असलं की ट्यूब नुसती लुकलुकते ना, अगदी तसंच. चालण्याची लय सांभाळणारं चेतापेशींचं जाळं कमरेच्या भागात असतं. इजा त्याच्या वर झाली असेल, तर ते खाली जिवंतच असतं. तिथे हलका करंट दिला की पेशी सावध होतात आणि वरून आलेला क्षीण संदेशही त्यांना पुरतो. म्हणजे करंट मदतीला, चालायचं मात्र माणसालाच!

काय काय घडलंय?

अमेरिकन बेसबॉल खेळाडू रॉब समर्सला २००६ मध्ये गाडीने उडवलं आणि छातीखालचं शरीर लुळं पडलं. लुईव्हिलच्या संशोधकांनी त्याच्या मज्जारज्जूवर इलेक्ट्रोडची पट्टी बसवली. करंट सुरू असताना तो स्वतःच्या पायांवर उभा राहिला, हे २०११ मध्ये जगाला कळलं.

२०२३ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या टीमने पुढची पायरी गाठली. गेर्ट-यान ऑस्कम या डच तरुणाच्या मेंदूतला ‘चालू या’ हा विचार कॉम्प्युटर ओळखतो आणि मज्जारज्जूवरच्या इम्प्लांटला कळवतो. तो कुबड्या घेऊन चालला. पुढे तर यंत्र बंद असतानाही त्याला कुबड्यांवर पावलं टाकता येऊ लागली. २०२४ मध्ये याच टीमने दोन पेशंटच्या मेंदूत खोलवर करंट देऊन पाहिला. २०२५ मध्ये अमेरिकेत १९ जणांच्या मानेतल्या व्हेगस नर्व्हला चेतना देत हाताचे व्यायाम करून घेतले गेले, आणि हातांची ताकद वाढली.

ऑपरेशनची भीती वाटते? मानेवर नुसती चिकटपट्टी लावून करंट देणारं यंत्रही आलंय. मानेला इजा झालेल्या ६० जणांवर त्याची चाचणी झाली. त्यांतल्या ४३ जणांच्या हातांत ताकद आणि काम करण्याची क्षमता, दोन्ही सुधारली. अमेरिकेच्या एफडीएने डिसेंबर २०२४ मध्ये त्याला मान्यता दिली, पण फक्त हातांसाठी आणि इजा अपूर्ण असेल तरच. चालण्यासाठीची इम्प्लांट्स अजून चाचण्यांच्याच टप्प्यात आहेत.

पॅटर्न तोच!

आता गंमत बघा. समर्सने इम्प्लांटच्या आधी तब्बल २६ महिने चालण्याचं ट्रेनिंग घेतलं होतं. त्या ६० जणांनीही आधी दोन महिने नुसता व्यायाम केला, मग दोन महिने व्यायाम अधिक करंट. सराव, पुन्हा सराव आणि वर टेस्ट. नुसती मशीन लावून कोणी उठून चालू लागलेलं नाही.

म्हणून जमीन विकून कुठल्याशा ‘गॅरंटी’ ट्रीटमेंटकडे धावण्याआधी थांबा. इजा पूर्ण आहे की अपूर्ण, हे विचारा. उपचार प्रायोगिक असेल तर भारताच्या क्लिनिकल ट्रायल रजिस्ट्रीत नोंद आहे का, ते तपासा. प्रयोगासाठी पेशंटकडूनच पैसे घेऊ नयेत, असं आयसीएमआरची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. मागितले, तर समजून जा!

मुंबईत हाजी अलीला सरकारी पुनर्वसन संस्था आहे, १९५५ पासून. तिथली किंवा आपल्या शहरातली फिजिओथेरपी लवकर सुरू करा. बेडसोर होऊ देऊ नका, सांधे आखडू देऊ नका, लघवीचं इन्फेक्शन सांभाळा. उद्या नवं तंत्र हाताशी आलं, तर त्याचा फायदा घ्यायला शरीर धड हवं ना?

आणि रस्त्यात अपघात दिसला, तर जखमीला हातपाय धरून रिक्षात कोंबू नका. मान-पाठ हलू न देता १०८ ला फोन लावा. शाबूत राहिलेले तंतू वाचवायची पहिली संधी तिथेच असते.

करंट येईल तेव्हा येईल. रिव्हिजन मात्र आजपासून!