शिपायाचे नाव कोणत्या दप्तरात?

आपल्या पूर्वजांपैकी कोणीतरी लढाईवर गेला होता, ही गोष्ट खानदेशातील अनेक घरांतून सांगितली जाते. शिंदखेडा तालुक्यातील घरेही त्याला अपवाद नाहीत. परंतु सांगणाऱ्याला आणखी दोन प्रश्न विचारले की गोष्ट तेथेच थांबते. पलटण कोणती, साल कोणते, लढाई बसऱ्याची की ब्रह्मदेशाची, परतल्यावर पेन्शन मिळाले की नाही, यांपैकी कशाचेच उत्तर मिळत नाही. तोंडी माहिती बहुधा तीन पिढ्यांपलीकडे टिकत नाही. मग नातवंडांपैकी कोणी शिकलेला शिक्षक वा कारकून इतिहासाची पुस्तके चाळू लागतो. तेथे त्याला सेनापती भेटतात, तह भेटतात, लढायांच्या तारखा भेटतात; आपला पणजोबा भेटत नाही.

याचे कारण साधे आहे. शिपायाचे नाव इतिहासकाराने नव्हे, हिशेबनिसाने लिहून ठेवले आहे. राज्य पेशव्यांचे असो, कंपनीचे असो वा आजचे असो, साधा शिपाई राज्याच्या दप्तरात येतो तो खर्चाची एक बाब म्हणून. पगार, भत्ता, पेन्शन, इनाम यांपैकी काही देणे असेल तोवर त्याचा कागद जपला जातो. देणे संपले की कागदाचे प्रयोजन संपते. हे सूत्र ध्यानात घेतले तर शोधाची दिशा सापडते. तसेच कोणाची नावे राहिली, कोणाची गेली आणि का गेली, याचाही उलगडा होऊ लागतो.

इनामाबरोबर वंशावळ

पेशवाईतील उदाहरण पाहावे. पुण्याच्या पेशवे दप्तरात हजारो रुमालांत बांधलेले कागद आहेत, आणि त्यांतील फार मोठा भाग जमाखर्चाचा आहे. सरंजाम कोणाला लावून दिला, किती स्वार ठेवावयाचे, हजिरीस किती भरले, नेमणूक किती, असा तो मजकूर असतो. पुढे इंग्रजी राज्यात १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशनला अधिकार मिळाले आणि इनामदार-सरंजामदारांना आपले हक्क सिद्ध करणे भाग पडले. त्यासाठी कैफियती लिहिल्या गेल्या, वंशावळी दाखल झाल्या. आज ज्या घराण्यांना आपल्या पूर्वजांची लष्करी सेवा पिढीवार सांगता येते, त्यांतील अनेकांचे ज्ञान या चौकशीतून आलेले आहे. ज्याच्याकडे इनाम नव्हते त्याची चौकशी झाली नाही, म्हणून त्याची वंशावळही झाली नाही. स्वतःच्या घोड्यावर बसणारा शिलेदार कागदावर राहण्याची शक्यता अधिक. सरकारी घोड्यावर बसणारा बारगीर पागेच्या संख्येत मिसळून गेला.

खानदेशापुरते बोलावयाचे तर येथे आणखी एक भेद आहे. या प्रदेशाचा काही भाग पेशव्यांकडे, तर काही होळकरांकडे होता. थाळनेर होळकरांचे होते. तेव्हा तापीकाठच्या एखाद्या घराण्याचा पूर्वज होळकरांच्या चाकरीत असेल, तर त्याचा शोध केवळ पुण्यात घेऊन भागणार नाही. मध्य प्रदेशातील दप्तरांकडेही वळावे लागेल.

इंग्रजी अमलातील खानदेशचे स्वतःचे असे सैन्य म्हणजे भिल्ल पलटण. जेम्स औट्रम या तरुण अधिकाऱ्याने १८२५ मध्ये तिची उभारणी सुरू केली आणि धरणगाव हे तिचे ठाणे झाले. ज्या भिल्लांचा बंदोबस्त करण्यात कंपनीची फौज थकली होती, त्यांनाच पगार देऊन बंदोबस्ताच्या कामी लावावे, हा त्यामागील हिशेब होता. ही पलटण १८९१ पर्यंत टिकली. सिमकॉक्स नावाच्या मुलकी अधिकाऱ्याने मूळ कागदपत्रांवरून तिचा इतिहास लिहून १९१२ मध्ये प्रसिद्ध केला. परंतु तो वाचणाऱ्या भिल्ल विद्यार्थ्याला त्यात अधिकारी जितके भेटतात तितके आपले आजे-पणजे भेटत नाहीत. दुसऱ्या बाजूला खाज्या नाईक आहे. सेंधव्याच्या घाटरस्त्याच्या राखणीसाठी तो सरकारी पगारावर होता. १८५७ च्या उठावात तो सरकारविरुद्ध उभा राहिला, आणि ११ एप्रिल १८५८ रोजी अंबापाणी येथे भिल्लांची व सरकारी फौजेची मोठी लढाई झाली. पगारपत्रकातल्या माणसाचे नाव बंडाच्या फायलीत गेले आणि तेथे ते अधिक ठळक झाले. इमानाने नोकरी करून निवृत्त झालेल्या त्याच्या कित्येक जातभाईंच्या वाट्याला एवढाही उल्लेख आला नाही.

गावाचे नाव, पलटणीचे नाव

शोध घेणाऱ्याची पहिली फसगत नावांमुळे होते. आजचा शिंदखेडा तालुका १८८० च्या खानदेश गॅझेटियरमध्ये विरदेल या नावाने आला आहे. १९०६ मध्ये खानदेशचे पूर्व व पश्चिम असे दोन जिल्हे झाले. त्यानंतरच्या लष्करी कागदांत शिंदखेड्याचा माणूस ‘पश्चिम खानदेश’चा म्हणून नोंदला जातो, त्याआधीचा नुसता ‘खानदेश’चा. महाराष्ट्र राज्य झाल्यावर पश्चिम खानदेशचा धुळे जिल्हा झाला आणि १९९८ मध्ये त्यातून नंदुरबार वेगळा निघाला. इंग्रजी लेखनात शिंदखेड्याचे ‘सिंदखेडा’ होते आणि बुलढाणा जिल्ह्यातील सिंदखेड राजाशी त्याची गल्लत होते. माणसाच्या नावाचेही तेच. भरतीच्या वेळी पुष्कळदा स्वतःचे नाव, बापाचे नाव व गाव एवढेच लिहिले जाई. आज आडनावावरून शोधणाऱ्याच्या हाती काही न लागण्याचे हे एक मोठे कारण आहे.

पलटणींचेही नामांतर झाले. पहिल्या महायुद्धातील १०३, १०५, ११०, ११६ आणि ११७ क्रमांकांच्या मराठा पलटणी १९२२ च्या पुनर्रचनेत पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या अनुक्रमे पहिल्या ते पाचव्या बटालियन झाल्या. आज त्यांच्या वारशाचा शोध बेळगावच्या रेजिमेंटल सेंटरपाशी घ्यावा लागतो. महार रेजिमेंटचे केंद्र मध्य प्रदेशात सागर येथे आहे. पणजोबांच्या कागदावर ‘११०’ एवढाच आकडा दिसला, तरी जाणत्याला त्यावरून दार सापडते.

असे आकडे घरातच असण्याचा संभव असतो. पहिल्या महायुद्धातील ब्रिटिश वॉर मेडल या पदकाच्या कडेवर शिपायाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असे. डिस्चार्ज सर्टिफिकेट, पेन्शनचे पुस्तक, जुनी मनीऑर्डरची पावती हेही दाखलेच. घराबाहेर तहसील कचेरीत फेरफाराच्या नोंदी आहेत. माजी सैनिक म्हणून सरकारी जमीन मिळाली असेल तर ती तेथे दिसते. जन्ममृत्यूचे कोतवाल बुक आणि शाळेचे जनरल रजिस्टर यांवरून बापाचे नाव व वय पडताळता येते. मात्र जुने पुष्कळ कागद मोडीत आहेत. २०२३ मध्ये कुणबी नोंदींचा राज्यभर शोध सुरू झाला, तेव्हा मोडी वाचणाऱ्यांसाठी किती धावाधाव करावी लागली, हे सर्वांनी पाहिले आहे.

नावाऐवजी आकडा

ज्यांचे नाव लिहिण्याची गरजच कोणाला वाटली नाही, त्यांची कथा याहून खिन्न करणारी आहे. मेसोपोटेमियाच्या मोहिमेत सहावी पुणे डिव्हिजन कुत येथे वेढ्यात सापडली आणि २९ एप्रिल १९१६ रोजी तिला शरण जावे लागले. त्या वेढ्यात १०३, ११० व ११७ या मराठा पलटणी होत्या. या मोहिमेत मरण पावलेल्या व थडगे माहीत नसलेल्या चाळीस हजारांहून अधिक लोकांसाठी बसरा येथे १९२९ मध्ये स्मारक उभारले गेले. त्यावर अधिकाऱ्यांची नावे कोरली. साध्या हिंदी शिपायांची मात्र पलटणवार संख्या दिली. त्यानंतर शंभर वर्षे होत आली असताना, २०२१ मध्ये, राष्ट्रकुल युद्धस्मारक आयोगाने आपल्या चौकशी अहवालात हा भेदभाव मान्य केला आणि क्षमा मागितली. आपल्याकडील काही गावांत त्या युद्धाच्या स्मृतिशिला आहेत. गावातून किती माणसे गेली आणि किती मेली, एवढेच त्या सांगतात. त्या आकड्यांतला आपला माणूस कोणता, हे पुढच्या पिढीने कसे ओळखावे?

पदकांतही श्रेणी होती. ज्या पदकाचा उल्लेख वर केला, ते शिपायाला चांदीचे मिळे. मजूर पथकांतील व इतर बिनलढाऊ सेवकांना तेच पदक ब्राँझचे मिळे. मृत्यूच्या धोक्यात फरक नसला तरी धातूत फरक होता.

तरीही नोंदीचे बळ ओळखणारे लोक त्याही काळात होते. १८९२ च्या सुमारास महारांची सैन्यभरती बंद करण्यात आली. तेव्हा निवृत्त सैनिक गोपाळबाबा वलंगकर यांनी आणि पुढे शिवराम जानबा कांबळे यांनी सरकारकडे अर्ज केले, ते पूर्वजांच्या लष्करी सेवेचा दाखला देऊन. कोरेगावच्या स्तंभावर ‘नाक’ हा प्रत्यय असलेली महार सैनिकांची नावे कोरलेली होती. ती नाकारणे कोणाला शक्य नव्हते. १९१७ मध्ये १११ क्रमांकाची महार पलटण उभी राहिली, १९२१ मध्ये ती मोडली, आणि १ ऑक्टोबर १९४१ रोजी महार रेजिमेंट स्थापन झाली. दगडावरील नावे वंशजांच्या हक्काचा पुरावा झाली. पूर्वजांच्या सेवेचा शोध म्हणजे रिकामपणाचा छंद नव्हे, हे यावरून दिसावे.

पंचवीस वर्षांची मुदत

आजचा खरा प्रश्न येथेच आहे. दुसऱ्या महायुद्धात सुमारे २५ लाख हिंदी सैनिक भरती झाले. युद्ध संपताच त्यांतील बहुसंख्यांना घरी पाठविण्यात आले. साध्या सैनिकाला पेन्शनसाठी पंधरा वर्षांची सेवा लागते. युद्धापुरते भरती झालेल्यांची ती होणे शक्यच नव्हते. म्हणजे ते पेन्शनविना परतले. आणि लष्कराच्या १९८७ च्या नियमावलीप्रमाणे पेन्शन नसलेल्या सैनिकाची सेवापत्रे पंचवीस वर्षे ठेवून नंतर नष्ट करता येतात. परिणाम उघड आहे. ज्या युद्धात सर्वाधिक माणसे गेली, त्याच युद्धातील सर्वाधिक माणसांचे कागद नाहीसे झाले. सशस्त्र दल न्यायाधिकरणापुढे वृद्ध माजी सैनिक वा त्यांच्या विधवा दावा घेऊन जातात, तेव्हा मुदत संपल्याने कागद नष्ट केले, हे उत्तर त्यांना अनेकदा ऐकावे लागते. पुरावा सरकारने नष्ट करावयाचा आणि तो हजर करण्याची जबाबदारी मात्र निरक्षर विधवेवर टाकावयाची, हा न्याय म्हणता येणार नाही.

केंद्राचा १९९३ चा सार्वजनिक अभिलेख कायदा १८९२ पूर्वीचे कागद नष्ट करण्यास जवळजवळ पूर्ण मनाई करतो. दोन्ही महायुद्धांचे कागद त्या रेषेच्या अलीकडे पडतात. २०२१ च्या धोरणानुसार संरक्षण खात्याच्या युद्ध-रोजनिशा राष्ट्रीय अभिलेखागारात जावयाच्या आहेत, ही चांगली गोष्ट आहे. परंतु रोजनिशीत पलटणीच्या हालचाली असतात, प्रत्येक शिपायाचे गाव नसते. सुदैवाने एक आधार शिल्लक आहे. सेवापत्रे नष्ट झाली तरी ‘लाँग रोल’ नावाची यादी रेकॉर्ड ऑफिसात कायम ठेवली जाते. तीत तपशील थोडा असतो, परंतु क्रमांक व नाव सापडते. ही यादी जिल्हावार मांडून लोकांसाठी खुली करावी, अशी मागणी आता व्हावयास हवी. लाहोरच्या वस्तुसंग्रहालयात पडून असलेल्या नोंदवह्यांतून पहिल्या महायुद्धातील पंजाबच्या सुमारे ३ लाख २० हजार सैनिकांची गाववार माहिती २०२१ पासून संगणकावर येऊ लागली. पंजाबला जे जमले ते महाराष्ट्राला न जमण्यासारखे काय आहे?

कोणी म्हणेल, २०२३ मध्ये शासनाने दुष्काळ जाहीर केलेल्या चाळीस तालुक्यांत शिंदखेडा होता. पाण्याची विवंचना असलेल्या तालुक्यात जुन्या कागदांची ही चैन कशाला? आक्षेप वरवर रास्त आहे. परंतु ज्याच्यापाशी जमीन व पैसा आहे त्याचे कागद वकील सांभाळतो. कोरडवाहू शेतकऱ्याच्या, भिल्लाच्या, महाराच्या घरी मागे राहिलेली मत्ता म्हणजे अनेकदा तेवढे एक प्रमाणपत्र असते. नोंद हरवली की त्याचा हक्क हरवतो, आणि हक्कापाठोपाठ प्रतिष्ठाही.

या कामाला मोठा खर्च लागत नाही. धुळ्याला १९२६ मध्ये देह ठेवलेल्या इतिहासाचार्य राजवाडे यांच्या नावाचे संशोधन मंडळ जिल्ह्यातच आहे. गावोगाव हिंडून दप्तरे गोळा करण्याचा त्यांचा धडा येथील विद्यार्थ्यांना नवा नसावा. तालुक्यातील महाविद्यालयांनी एका उन्हाळी सुटीत घरोघर जाऊन पदके, डिस्चार्ज सर्टिफिकेटे व पेन्शनची पुस्तके यांच्या नकला घ्याव्यात, गाववार नोंदवही करावी, तिची एक प्रत ग्रामपंचायतीत व एक जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात ठेवावी. थोड्या विद्यार्थ्यांनी मोडी शिकावी. जिल्हा परिषदेच्या शिक्षकांनी जुन्या रजिस्टरांतील नावे पडताळून द्यावीत. मूळ कागद मात्र घरच्या माणसांकडेच राहू द्यावेत.

जे वृद्ध आपल्या वडिलांच्या तोंडून पलटणीचे नाव ऐकलेले आहेत, त्यांची संख्या दर वर्षी घटते आहे. सरकारी कागदाची मुदत पंचवीस वर्षांची. माणसाच्या स्मरणाची त्याहून थोडी अधिक. या दोन्ही मुदती संपण्यापूर्वी नावे उतरवून घेतली नाहीत, तर बसऱ्याच्या स्मारकावर जे परक्यांनी केले तेच आपल्या गावी आपल्या हातून घडेल. माणसे विसरली जातील आणि आकडा तेवढा उरेल.