जुने ट्रक, नवे रस्ते (भाग ७) : आधी भरवसा, मग ताकद

जुन्या पिकअपला जास्त ताकदीचं इंजिन कसं बसवतात, ते मागच्या भागात पाहिलं. आता तो वाढलेला वेग आवरायचा कसा? वेग दुप्पट झाला की गतिज ऊर्जा चौपट होते आणि गाडी थांबवताना तिचा बहुतेक भार उष्णतेच्या रूपात ब्रेकवरच पडतो. म्हणूनच १९६३ ते १९६६ दरम्यानची शेव्हरोले सी-१० सांभाळणारे अनेक अमेरिकी हौशी मालक सर्वांत आधी पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक लावायला निघतात. डिस्क जरूर लावाव्यात, पण सुरुवात तिथून करू नये, असं माझं ठाम मत आहे. या ट्रकचा मोठा धोका ब्रेक कमी लागण्याचा नाही, तो एखाद्या क्षणी अजिबातच न लागण्याचा आहे.

या गाडीत चारही चाकांना दाब पुरवणारा मास्टर सिलिंडर एकाच कप्प्याचा असतो. एक रबरी नळी फुटली किंवा मागचा एखादा व्हील सिलिंडर जोरात गळू लागला, की दाब कुठेच टिकत नाही; पेडल थेट तळाला जातं आणि चारही ब्रेक एकदम निकामी होतात. दुहेरी मास्टर सिलिंडरमध्ये पुढच्या आणि मागच्या चाकांची व्यवस्था वेगळी असते, त्यामुळे एक बाजू गेली तरी दुसरी गाडी थांबवते. खुद्द शेव्हरोलेने आपल्या पिकअपना दुहेरी सिलिंडर १९६७ मध्ये दिला. सी-१० वर पुढच्या डिस्क सरसकट आल्या त्या १९७१ मध्ये. कारखान्याने पाळलेला हा क्रम घरच्या कामातही पाळण्याजोगा आहे.

यावर आक्षेप येतो की ड्रम ब्रेक मुळातच कमकुवत. पण नीट जुळवलेले ड्रम पहिल्या जोरदार ब्रेकला चाकं जाम करू शकतात, आणि तिथून पुढे मर्यादा टायरच्या पकडीची असते. ड्रमची खरी उणीव उष्णतेत आहे. तापलेला ड्रम फुगून शूपासून दूर जातो, पेडल खोल जातं आणि लांब उतारावर ब्रेकचा जोर ओसरत जातो. डिस्क उघड्यावर असल्याने लवकर निवते. मात्र ड्रममध्ये फिरतं चाकच शूला आणखी आत ओढतं, तशी मदत डिस्कला मिळत नाही. तिला दाब जास्त लागतो. म्हणून बूस्टर हवा, आणि मास्टर सिलिंडरही डिस्कला लागणारं ब्रेक ऑइल पुरवणारा हवा. शिवाय हौदा रिकामा असताना ब्रेक दाबला की भार पुढे सरकतो, हलकी झालेली मागची चाकं आधी जाम होतात आणि गाडी फिरते. मागचा दाब आवरणारा व्हॉल्व्ह त्यासाठीच लागतो. नुसत्या डिस्क आणून हे काम पुरं होत नाही.

स्टेअरिंगलाही हाच न्याय लागू होतो. चाक जड आहे म्हणून पॉवर स्टेअरिंग बसवतात, पण पंप कष्ट कमी करतो, सांध्यांतली ढिलाई (प्ले) नाही. टाय रॉड एंड, आयडलर आर्म आणि बॉल जॉइंट झिजलेले असतील तर गाडी भरकटतच राहते. हात हलका झाल्यामुळे ती ढिलाई लवकर ध्यानातही येत नाही. हे सांधे घट्ट केल्यावर मात्र पॉवर स्टेअरिंगचा मोठा लाभ मिळतो. पूर्वी चाक हलकं राहावं म्हणून कास्टर, म्हणजे पुढची चाकं ज्या अक्षाभोवती वळतात त्याचा मागे झुकाव, कमी ठेवत. आता तो वाढवता येतो, आणि रेडियल टायरवर गाडी हमरस्त्यावर सरळ धावते.

राहिला मूळपणाचा मुद्दा. जुन्या वस्तूचं जुनेपण जपावं, हे मलाही मान्य आहे. पण दुहेरी सिलिंडर बॉनेटखाली बसतो, ट्रकच्या रूपाला त्याने धक्का लागत नाही, आणि काढलेला मूळ भाग जपून ठेवता येतो. शिवाय प्रदर्शनात उभी राहणारी गाडी एकट्या मालकाची असली, तरी रस्त्यावर धावणाऱ्या गाडीच्या ब्रेकवर समोरून रस्ता ओलांडणाऱ्याचाही जीव अवलंबून असतो. त्याचा विचार केला की पहिला खर्च कशावर करायचा, याबद्दल शंका उरत नाही. ब्रेकच्या नळ्या आणि त्यांतली हवा काढण्याची रीत पुढच्या आठवड्यात पाहू.