वेदना मोजायची कशी?

बोर्ली पंचतन, दिवेआगर, श्रीवर्धन या पट्ट्यातील कोणत्याही गावात अंतर्गळाची किंवा आंत्रपुच्छाची शस्त्रक्रिया झालेला एखादा माणूस सापडतोच. त्याला विचारा, "सर्वांत जास्त कधी दुखले?" शस्त्रक्रिया चालू असताना त्याला भूल दिलेली होती. खरे दुखणे सुरू झाले ते भूल उतरल्यावर. खोकला आला की टाके ओढले जातात, कूस बदलली की कळ येते. दुखेल या भीतीने रुग्ण खोल श्वास घेत नाही, खोकत नाही. मग फुप्फुसात कफ साचतो व त्यातून न्यूमोनियाही होऊ शकतो. म्हणजे वेदना कमी करणे ही केवळ चैन नव्हे, तो उपचाराचाच भाग आहे.

मॉर्फीनने वेदना कमी होतात. परंतु मळमळ होते, गुंगी येते आणि मात्रा वाढल्यास श्वसन मंदावते. मग सगळ्या शरीरावर औषधाचा मारा करण्याऐवजी पोटाच्या भिंतीतून निघणारा वेदनेचा संदेश वाटेतच अडवला तर?

पोटाच्या बाजूच्या भिंतीत स्नायूंचे तीन थर एकावर एक असतात. मधला आणि सर्वांत आतला थर यांच्या फटीतून त्या भागाच्या चेता जातात. या फटीत बधिर करणारे औषध सोडले की ते पसरते. चेतेतून संदेश पुढे जाण्यासाठी सोडियमचे आयन तिच्या पटलातील सूक्ष्म द्वारांतून आत शिरावे लागतात. औषध ही द्वारे बंद करते व संदेश तिथेच थांबतो. या पद्धतीचे वर्णन २००१ साली रफी या डॉक्टरांनी केले. तेव्हा सुई योग्य थरात पोहोचल्याची खूण म्हणजे हाताला जाणवणारी हलकी 'टक्' एवढीच होती.

आता बहुधा श्राव्यातीत ध्वनीच्या साहाय्याने सुई पडद्यावर पाहता येते. एक छोटे गणित करा. शरीरातील मऊ ऊतींत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे १५४० मीटर असतो. कंप्रता १ कोटी हर्ट्‌झ धरली, तर तरंगलांबी किती? १५४० ला १ कोटीने भागा. उत्तर येते सुमारे ०.१५ मिलिमीटर. तरंग इतका लहान असल्यामुळेच स्नायूंचे पातळ थर वेगवेगळे दिसतात.

सुई नेमकी पोहोचली हे दिसले. परंतु वेदना खरोखर कमी झाली हे कसे ठरवायचे? वेदनेला तापमापी नाही. रुग्णाला ० ते १० मधील आकडा सांगायला लावतात. दुसरी युक्ती अशी, की रुग्णाच्या हाती एक बटण देतात. ते दाबले की ठराविक मर्यादेत मॉर्फीन मिळते. किती मॉर्फीन लागले, यावरून वेदनेचा अंदाज येतो.

तरीही एक अडचण उरते. 'नवे इंजेक्शन मिळाले' या समजुतीनेच काहींना बरे वाटते. म्हणून रुग्णांचे दोन गट चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे यदृच्छेने पाडतात. एका गटाला औषध देतात, दुसऱ्याला नुसते मिठाचे पाणी. कोणाला काय मिळाले, हे रुग्णाला माहीत नसते आणि वेदना मोजणाऱ्यालाही नसते. आयर्लंडमध्ये ५० स्त्रियांवर सिझेरियननंतर अशी चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. पहिल्या ४८ तासांत मिठाचे पाणी मिळालेल्या गटाला सरासरी ६६ मिलिग्रॅम मॉर्फीन लागले, औषध मिळालेल्या गटाला अवघे १८!

मग प्रश्न सुटला का? नाही. २००९ मध्ये कॅनडातील सुमारे शंभर स्त्रियांवरील चाचणीचे निष्कर्ष आले. तेथे दोन्ही गटांना पाठीच्या कण्यात मॉर्फीनची अल्प मात्रा आधीच दिलेली होती. या वेळी इंजेक्शनचा जादा फायदा दिसला नाही. दोन्ही चाचण्या खऱ्या आहेत. पोटाच्या भिंतीचे संदेश असोत वा आतील अवयवांचे, ते शेवटी मज्जारज्जूतूनच जातात. तिथेच पहारा बसला असेल, तर भिंतीतील नव्या चौकीला फारसे काम उरत नाही. 'हा उपचार चांगला आहे का?' हा प्रश्न अपुरा आहे. 'कशाच्या तुलनेत?' हेही विचारावे लागते.

मिठाचे पाणी देणे प्रत्येक वेळी योग्यही नसते. याचे उदाहरण आपल्या रायगड जिल्ह्यातच आहे. महाडचे डॉ. हिम्मतराव व डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी विंचूदंशावरील प्रतिविषाची चाचणी केली. तिचे निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. लाल विंचवाच्या विषाने हृदयावर परिणाम होऊन जीव जाऊ शकतो. अशा रुग्णाला औषधाविना ठेवणे हा गुन्हाच ठरेल. म्हणून ७० रुग्णांपैकी सर्वांना प्राझोसिन हे उपयुक्त ठरलेले औषध दिले. यदृच्छेने निवडलेल्या ३५ जणांना त्यासोबत प्रतिविषही दिले. दहा तासांत प्रतिविषाच्या गटातील ३२ जण बरे झाले, दुसऱ्या गटातील फक्त ८. येथे कोणाला काय मिळाले हे लपवलेले नव्हते. मात्र तुलना रोखठोक होती आणि कोणालाही उपचाराविना ठेवले नव्हते.

करून पाहा: वालाचे ४० दाणे घ्या. प्रत्येक दाण्यासाठी नाणे उडवा. छाप पडल्यास तो रात्रभर भिजवा, काटा पडल्यास कोरडाच ठेवा. सगळे दाणे क्रमांक घालून पेरा आणि क्रमांकांची यादी स्वतःजवळ ठेवा. कोंब मोजायचे काम मात्र ज्याने यादी पाहिलेली नाही अशा मित्राला द्या. नाणे न उडवता तुम्ही हाताने दाणे निवडले असते, तर टपोरे दाणे कोणत्या गटात गेले असते?