विस्टेरियाला दोनदा कात्री

कॅलिफोर्नियातल्या सिएरा माद्रे गावात १८९४ साली कुणीतरी घराशेजारी चिनी विस्टेरियाचं रोप लावलं. ते वाढत वाढत जवळपास एकरभर पसरलं. वेलीपुढे घराचा निभाव लागला नाही, शेवटी घरच पाडावं लागलं. वेल अजून फुलते!

चिनी विस्टेरिया चीनहून इंग्लंडात आली १८१६ मध्ये. आज लंडनच्या उपनगरात जुनं घर घेतलेल्या मराठी कुटुंबाला ती कधीकधी घरासोबतच मिळते. मे महिन्यात जांभळे घोस लोंबतात तेव्हा सगळे खूश. जुलैत तिचे शेंडे पन्हळीत आणि कौलांखाली शिरले की पळापळ. काहींच्या नशिबी तर नुसता पालाच येतो. मग ते घाबरून खत घालतात, आणि नेमकं तेच चुकतं. विस्टेरिया शेंगवर्गातली, नत्राची सोय तिच्या मुळांवरच्या गाठी करतात. वरून नत्र दिलं की पाला आणखी माजतो.

तिला हवी कात्री, तीही वर्षातून दोनदा. आपल्या नाशिकच्या द्राक्षबागायतदाराला हे सांगावं लागणार नाही. एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळछाटणी यांवरच त्याची बाग चालते. विस्टेरियाची पहिली छाटणी फुलं ओसरल्यावर, जुलै-ऑगस्टात. त्या मोसमातले लांबलचक हिरवे फुटवे पाच-सहा पानं ठेवून कापायचे. मांडव किंवा भिंत भरायला जे फुटवे हवेत, तेवढे राखून आडव्या तारांना बांधायचे. आडव्या फांदीला फूल जास्त धरतं. छाटल्यामुळे ऊन-वारा आत पोचतो आणि उरलेल्या बुडख्याशी पुढच्या वर्षीच्या कळ्या तयार होऊ लागतात.

दुसरी छाटणी जानेवारी-फेब्रुवारीत, वेल निष्पर्ण असताना. तेच फुटवे आता दोन-तीन डोळ्यांवर आणायचे. गुबगुबीत डोळा फुलाचा, बारीक टोकदार डोळा पानाचा, हा फरक पानं नसताना सहज दिसतो. म्हणूनच मला हिवाळ्यातलं काम जास्त आवडतं. उन्हाळ्यातलं काम मात्र शिडीवर चढून, पाल्यात डोकं खुपसून करावं लागतं आणि त्यामुळेच ते टाळलं जातं.

वर्षानुवर्षं मोकाट सुटलेली वेल एका दमात बोडकी करू नये. ती चिडल्यासारखी दुप्पट फुटते आणि एक-दोन वसंत फुलांविना जातात. जुन्या जाड फांद्या दरवर्षी थोड्या थोड्या काढाव्यात. कलमाच्या जोडाखालून आलेला फुटवा मात्र दिसताक्षणी ओढून काढावा, तो खुंटाचा असतो. नवं रोप घेताना कलमीच घ्यावं. बियांपासून केलेल्या रोपाला फुलायला वीस वर्षंही लागू शकतात. बिया आणि शेंगा विषारी असतात. घरात लहान मुलं असतील तर हिवाळी छाटणीच्या वेळी लोंबत्या शेंगाही उतरवून टाकाव्यात.